यंत्र दान, वायसर उधार

यंत्र देणारा फीत कापून मोकळा होतो. वायसर झिजलं की कोणाकडे जायचं, ते तो सांगत नाही. शहापूर तालुक्यात उंबरमाळीकडच्या पाड्यांवर मे महिन्यात हातपंपाचा दांडा मारून दमलेल्या बाईला हे पाठ आहे.

कंबोडियाचीही गत तीच, फक्त तिथे जमिनीखाली पाण्याऐवजी सुरुंग. पूर्वेकडे अमेरिकेनेच पन्नासेक वर्षांपूर्वी टाकलेले न फुटलेले बॉम्ब, आणि ते काढायला पैसाही तिचाच! जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली. शोधयंत्रं गप्प, माणसं घरी. स्थगितीचा आदेश मात्र बॉम्बपर्यंत पोचला नाही. ते बिचारे ड्युटीवरच. काही आठवड्यांनी पैसा सुटला. पुन्हा कधी अडकेल, ते साहेबांच्या मर्जीवर.