आडवे धुळे, उभे जळगाव

लग्नाची पत्रिका पोस्टाने आली तर आमच्या खानदेशात तिला आमंत्रण म्हणत नाहीत, नुसतं कळवणं म्हणतात. पत्रिका हातात द्यायची असते. चहा नको म्हणायचं, मग तो घ्यायचा, आणि चपला घालता घालता ‘सगळ्यांनी यायचं बरं का’ हे पुन्हा एकदा बजावायचं. आमच्या घरात हे खातं मामाकडे, म्हणजे माझ्याकडे. यंदा मात्र नवरदेव स्वतः बरोबर यायला निघाला.

भाचा प्रागला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पोरगा गुणी, पण आकड्यांवर फार विश्वास. ताईने यादी दिली. तिच्यात धुळ्याच्या आत्यांचा पत्ता असा होता : ‘गल्ली नंबर ५, धुळे. कोणालाही विचारा.’

“मामा, ‘कोणालाही विचारा’ हा पत्त्याचा भाग कसा असू शकतो?”

“तोच पत्ता आहे,” मी म्हणालो. “आधीचं नुसतं प्रास्ताविक.”

त्यावर त्याने त्याच्या गावाची व्यवस्था मला समजावून सांगितली. प्राग हे शहर ५७ भागांत वाटलेलं आहे. प्रत्येक भागाला स्वतःचा महापौर, स्वतःचे निवडून आलेले सभासद, स्वतःची कचेरी. पैकी बावीस भागांना नुसते नंबर : प्राग १ ते प्राग २२. उरलेले पस्तीस म्हणजे शहराने पुढे पोटात घेतलेली गावं. ती आपापली नावं मिरवतात. या सगळ्यांच्या डोक्यावर अख्ख्या शहराचा आणखी एक महापौर. मी म्हटलं, छान आहे, तू कितव्या नंबरात राहतोस? इथे पोरगा जरा अडखळला. तो राहतो खोदोव नावाच्या वस्तीत. खोदोव प्राग ११ मध्ये येतं. पण पत्र घालायचं तर पाकिटावर लिहायचं प्राग ४. कारण १९६० साली शहराचे दहा भाग पाडले, ते पोस्टाने पाठ केले. पुढे कारभाराचे नंबर बावीसपर्यंत गेले. पोस्ट आपलं दहावरच.

“म्हणजे मतदान अकरात आणि मनीऑर्डर चारात,” मी म्हणालो. “मग तिकडे पत्ता शोधणारा काय करतो?”

“विचारतो,” भाचा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आधी जळगावातल्या पत्रिका उरकल्या. जळगावात नंबरांचा त्रास नाही. शनिपेठ, जोशी पेठ, बळीराम पेठ, नवी पेठ, पोलन पेठ. एक पेठ कुठे संपते आणि दुसरी कुठे लागते हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक, आणि दोन शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांनाही वेगवेगळं ठाऊक. पण या सगळ्या गुंत्यातून मान वर केली की महापालिका दिसते. सतरा मजली. ‘सतरा मजली’ एवढंच म्हणायचं. पुढे इमारत वगैरे जोडणारा माणूस बाहेरगावचा. बाकीच्या गावांचा कारभार आडवा पसरतो, जळगावकरांनी तो उभा रचला. या गावात सोन्याचा भाव आणि केळीचा भाव दोन्ही लोकांना तोंडपाठ असतात, त्यात मजल्यांची भर.

तिथल्या लिफ्टमध्ये भाच्याला घेऊन मुद्दाम उभा राहिलो. आत आलेला माणूस मजल्याचा आकडा सांगत नाही, कामाचं नाव सांगतो. “घरपट्टी.” “जन्म-मृत्यू.” “बांधकाम परवानगी.” मग लिफ्टमधलाच कोणीतरी जाणकार त्याचं आकड्यात भाषांतर करून बटण दाबतो. एक आजोबा काठी टेकत आले आणि नुसतंच “वर” म्हणाले. चार जणांनी एकदम विचारलं, “कितव्या, बाबा?” आजोबा म्हणाले, “लागेल तितक्या.” त्यांना पुढची वाट दाखवायला मग दोघं आपापली कामं सोडून उतरले.

बाहेर आल्यावर भाचा हिशेब करत होता. प्रागला ५७ कचेऱ्या, इथे एक. मी त्याला म्हटलं, आमच्याकडेही पोटात घेतलेली गावं आहेत, पण आम्ही त्यांना महापौर देत नाही. पिंप्राळा बघ. शहरात केव्हाच मिसळलं, घराला घर लागलं. पण जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो आणि पिंप्राळ्याचा विठ्ठलाचा रथ आषाढी एकादशीला. नळ, दिवाबत्ती, झाडलोट शहराच्या ताब्यात दिली; रथ दिला नाही. माझ्या मते हा सौदा प्रागवाल्यांपेक्षा बरा. महापौर दर निवडणुकीला बदलतो, रथाला नुसतं तेलपाणी करावं लागतं.

धुळ्याला एस.टी.ने निघालो. जळगावला रेल्वे स्टेशन आहे, धुळ्यालाही आहे, दोन्ही जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं; पण एकाहून दुसरीकडे रेल्वेने जायचं तर आधी चाळीसगाव गाठायचं. तिथून १९०० साली सुरू झालेला फाटा धुळ्याला जातो आणि तिथेच संपतो. नकाशात हे बघून भाच्याने मोबाइल उलटा-सुलटा करून पाहिला. त्यापेक्षा बस बरी : बांभोरीला गिरणेचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, की आलंच. नव्वदेक किलोमीटर. दोन्ही अंगांना कापूस, मधून मधून केळी, आणि प्रत्येक ढाब्याच्या पाटीवर शेवभाजी.

वाटेत त्याने विचारलं, खानदेश हा एक जिल्हा की तीन? आता हा प्रश्न धुळ्याच्या दिशेने जाणाऱ्या बसमध्ये मोठ्याने विचारू नये. एकत्र कुटुंबाची वाटणी व्हावी तसा तो इतिहास आहे. मूळ घर धुळ्याला, अख्ख्या खानदेशाचा कलेक्टर तिथे. १८६९ साली नाशिक जिल्हा निघाला, तो मालेगाव-बागलाण घेऊन गेला. १९०६ साली पूर्व खानदेश वेगळा झाला, त्याचं ठाणं जळगाव. धुळ्याकडे पश्चिम खानदेश राहिला. १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळं झालं आणि सहा तालुके त्याच्याबरोबर गेले. आज जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके. धुळ्याकडे चार : धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा.

पुढच्या सीटवरचे टोपीवाले बाबा हे सगळं कान देऊन ऐकत होते. ते मागे वळून म्हणाले, “थोरलाले कमीच भेटस, भाऊ.” आणि फागण्याला उतरून गेले.

धुळ्यात शिरताच भाच्याची कळी खुलली, आणि त्याला कारणही होतं. इथल्या जुन्या बाजारपेठेतल्या गल्ल्या खरोखरच सरळ आहेत आणि त्यांना खरोखरच नंबर आहेत. याचं श्रेय कॅप्टन जॉन ब्रिग्ज या गोऱ्या अधिकाऱ्याला. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हातात आला, ब्रिग्ज इथला पोलिटिकल एजंट. त्याने ठाण्यासाठी धुळे निवडलं. १८१९ साली या गावात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. पांझरेचं पात्र आणि पाटाचं पाणी यांच्यामध्ये दाटलेलं गाव, भोवती बागाईत. ब्रिग्जने लांबून कारागीर आणवून कचेऱ्या बांधल्या आणि व्यापाऱ्यांना या म्हटलं. घराला जागा फुकट, बांधायला वर उचल. या अटींवर आजही कोणीही येईल. असं नवं धुळे वसलं.

“म्हणजे प्लॅन करून वसवलेलं शहर आहे हे, मामा!” भाचा म्हणाला. त्याच्या बोलण्यात प्रथमच आजोळाबद्दल आदर जाणवला. ब्रिग्जची दूरदृष्टी मला मान्य आहे. फक्त त्याला या गावाला आत्या किती असणार याचा अंदाज नव्हता.

पाचकंदिलाहून आग्रा रोडला लागलो. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. महामार्ग आता बाहेरून जातो, सुरत-नागपूर रस्त्यालाही तो तिकडेच भेटतो. आत नाव तेवढं राहिलं. या आग्रा रोडने निघालेला माणूस सहसा साड्यांच्या दुकानापलीकडे जात नाही. एका गृहस्थांना गल्ली नंबर ५ विचारली. ते हसून म्हणाले, “माले गावमधलं नही सांगता येवाव, मी देवपूरना शे.” देवपूर म्हणजे पांझरेच्या पलीकडचा काठ, एकवीरा देवीचं ठाणं. पूल ओलांडला की देवपूर. महापालिका एकच, आयुक्त एकच. पण देवपूरचा माणूस पूल ओलांडताना ‘गावात चाललो’ म्हणतो, आणि गावातल्या गोष्टींची जबाबदारी घेत नाही.

गल्ली मोबाइलनेच सापडली, ते कबूल केलं पाहिजे. नंबर बरोबर, गल्ली सरळ. भाचा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. मग लक्षात आलं की ब्रिग्जसाहेब माणसाला गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो आणि निघून जातो. पुढे लांबच लांब दोन्ही बाजूंनी घरं, खाली दुकानं, वर माणसं. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर विचारलं.

“आत्यांकडे जायचंय.”

“कोणाच्या आत्या?”

“तात्यांचं घर.”

“कोणते तात्या? मास्तर तात्या, तेलवाले तात्या का कोर्टवाले?”

भाचा म्हणाला, “नाव सांगतो ना,” आणि त्याने दिवंगत तात्यांचं संपूर्ण नाव आडनावासकट सांगितलं. ओट्यावर शांतता पसरली. या नावाचा माणूस गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. मी म्हटलं, “कोर्टवाले.” लगेच तीन हात एका दिशेने वर झाले, एक पोरगं सायकलवरून उतरून पुढे चालू लागलं, आणि “त्यांच्या भाचीच्या पोराचं लग्न ना? परदेशातला?” अशी चौकशीही झाली. नवरदेवाचा पत्ता गल्लीला ठाऊक होता; अडचण फक्त उलट दिशेने होती.

चालता चालता मी त्याला सांगितलं, धुळ्यात आकड्यांचा हिशेब चोख लागला तो तुरुंगात. १९३२ साली विनोबा इथल्या तुरुंगात होते. अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले, साने गुरुजींनी उतरून घेतले, एक रविवार चुकला नाही. भाचा म्हणाला, “तिथे कोणाला पत्ता शोधावा लागत नव्हता.”

आत्यांच्या दारात तो थांबला आणि फोटो काढू लागला. प्रागमध्ये म्हणे प्रत्येक घराला दोन पाट्या असतात. लाल पाटीवरचा नंबर त्या वस्तीत घराची नोंद कितवी झाली त्याचा. निळीवरचा नंबर रस्त्यावर घर कितवं त्याचा. लाल नंबरांची सुरुवात १७७० सालची, महाराणी मारिया थेरेसाच्या काळातली. फौजेत भरती करायला घरोघरचे पुरुष मोजायचे होते. दोनच? आत्यांच्या चौकटीवर घरपट्टीचा पत्र्याचा बिल्ला होता, एका कोपऱ्याचा खिळा निघाल्यामुळे तिरका झालेला. त्याखाली काळ्या रंगात जनगणनेचा आकडा. त्याच्या शेजारी निळ्या रंगात आणखी एक आकडा, कशाचा ते घरात कोणालाच सांगता आलं नाही. त्यावर खडूने पोलिओ डोसवाल्यांचा ‘पी’ आणि तारीख. सगळ्यांच्या वर हळदीकुंकवाची बोटं आणि ‘शुभ लाभ’. चार खात्यांनी चार वेळा मोजलेलं घर, आणि सापडलं कोर्टवाल्या तात्यांमुळे.

आत्या ऐंशीच्या पुढच्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आधी पाणी, मग चहा, मग ‘जेवूनच जा’. फौजदारी डाळ आणि भाकरी आधीच तयार होती, म्हणजे ताईचा फोन येऊन गेला होता. जेवताना भाच्याने प्रागची ५७ महापौरांची गोष्ट पुन्हा सांगितली. आत्यांनी घास हातात धरून विचारलं, “सत्तावन्न? मग एवढ्यांना शाली कोण घालतं?”

या खर्चाच्या बाबतीत भाच्याकडे माहिती नव्हती. म्हणून मी विषय घरी आणला. जळगावची महापालिका मार्च २००३ ची, धुळ्याची जून २००३ ची. दोन्हीकडे २०१८ च्या निवडणुकीत प्रभाग एकोणीस. एका प्रभागाला चार नगरसेवक. म्हणजे चारांतला आपला कोणता हे ठरवण्यात पाच वर्षं जातात. भाचा तोंडातल्या तोंडात म्हणाला, “एकोणीस चोक शहात्तर.” बरोबर, पण जळगावात एक प्रभाग तिघांचा, म्हणून पंच्याहत्तर. धुळ्यात दोन प्रभाग तिघांचे, म्हणून चौऱ्याहत्तर.

“एक कमी?” आत्यांनी विचारलं.

“एकच, आत्या.”

“आन् पालिका तीन महिने मागून?”

मी भाकरीकडे बघत राहिलो. तालुक्यांचा विषय मी काढला नसता, पण भाच्याने उत्साहाने तोही काढला. पंधरा आणि चार.

जेवण झाल्यावर आत्यांनी चश्मा लावून पत्रिका वाचायला घेतली. खानदेशी पत्रिका वाचायला वेळ लागतो. वर कुलदैवतं, मग कैलासवासी मंडळींचे आशीर्वाद, मग निमंत्रक, प्रेषक, आपले नम्र, आणि शेवटी ज्यांना अजून बोलता येत नाही अशा पोरांच्या नावाने ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. आत्या बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली येत होत्या. निमंत्रकांपाशी बोट थांबलं. परत वर गेलं. मोजणी झाली.

“जळगावकडचे पंधरा,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडचे चार. अरे, तुम्ही पत्रिका छापली का जिल्ह्याची वाटणी छापली?”

भाचा घाईने म्हणाला, “आजी, ते चुकून झालंय, डिझाइन…”

“चुकून चारच बरे होतात.” त्यांनी सुनेला हाक मारून पेन मागवलं. आपल्या पत्रिकेवर, चौथ्या नावाखाली, थरथरत्या पण ठाम अक्षरात मोठ्या मुलाचं नाव लिहिलं, मग धाकट्याचं, मग थोडा विचार करून जावयाचं. जागा संपली तेव्हा मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर आलं. मग पत्रिका बाजूला ठेवून त्यांनी आमच्या पिशवीकडे पाहिलं. धुळ्यातल्या सगळ्या पत्रिका अजून वाटायच्या होत्या.

“अक्षर चांगलं काढ,” त्या मला म्हणाल्या, आणि भाच्यापुढे दुसरं पेन सरकवलं.