मिठीला भिंत, तिवरांना मान

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी हा नाला नसून नदी आहे, हे मुंबईकरांना कळलं. ओळख पटताच तिच्या दोन्ही काठांना भिंती घालायला सुरुवात झाली.

भिंतीचं एक बरं असतं. तिची निविदा निघते, नारळ फुटतो, फलकावर नाव कोरता येतं. तिवरं मात्र चिखलात उभी, श्वास घ्यायला पेन्सिलीसारखी मुळं वर काढून. लाटेचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात. पण फीत कापायला तिथे पाय कुठे ठेवायचा? शेजारच्या सोसायटीला त्यांत फक्त डास दिसतात. (फ्लॅट विकताना तोच चिखल ‘क्रीक व्ह्यू’ होतो.)

मिठीकाठची दलदल बुजवूनच वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. २०२० मध्ये राज्याने तिवरांसारख्याच चिखलात उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. मान मिळाला, जागेचं बघू!

पाणी भरलं की मागणी ठरलेली: भिंत उंच करा, पंप मोठे आणा. नदीला पसरायला थोडी जमीन मोकळी सोडा, असं कुणी सुचवलंच तर पहिला प्रश्न येतो, ‘तिथे एफएसआय किती मिळतो?’