चाकाच्या नटाची कैफियत

निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून दुरून हाकारता येणारी एक छोटी नौका लोकांपुढे आणली, तेव्हा तिला चाके नव्हती. आणि त्या थोर पुरुषाच्या दूरदृष्टीचे जे असंख्य दाखले देण्यात येतात, त्यांत या गोष्टीची नोंद कोणी कशी घेतली नाही, याचे मला न्यूजर्सीत कन्येकडे मुक्कामास आल्यापासून राहून राहून नवल वाटते. चाक आले की आस आला, आस आला की आटे आले, आटे आले की नट आला, आणि नट आला की तो न सुटण्याचा प्रसंगही ओघानेच आला. त्यातून कन्येचे बिऱ्हाड एडिसन गावी, म्हणजे टेस्लाच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव १९५४ साली मुद्दाम धारण केलेल्या गावी; तेव्हा टेस्लाच्या विद्येवर धावणाऱ्या मोटारीने तेथे सरळ वागावे, ही अपेक्षाच गैरवाजवी होती.

मोटार नातवाची, खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची. इकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि त्या खारट चिखलातून नातवाने ती अशा निष्ठेने पिटाळली होती की, टायर बदलण्याची वेळ आली तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा नट जागचा हलेना. नट तरी केवढा? चार मिलिमीटर जाडीच्या आसावर बसणारा, सातच्या पान्याने फिरणारा, आणि पोटात नायलॉनचे कडे असलेला. हे कडे आट्यांना आवळून धरते आणि हादऱ्यांनी नट सैल पडू देत नाही. म्हणजे हट्ट हा त्याचा दुर्गुण नसून नेमून दिलेले कामच होय. मिठाने आणि गंजाने त्या कामात त्याला केवळ बढती दिली.

शेजारच्या सेवानिवृत्त गृहस्थांना ही वार्ता लागली आणि ते हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. अमेरिकेच्या काँग्रेसने मेट्रिक मापांना १८६६ सालीच कायदेशीर मान्यता दिली आहे. पण तो हुकूम या पेटीपर्यंत बजावण्यात आलेला नसावा, कारण आतील सारा कारभार इंचाच्या अपूर्णांकांत चालला होता. सातच्या पान्याऐवजी त्यांनी नऊ बत्तिसांश इंचाचा पाना काढला. पावकी, निमकी, औटकी माझ्याकडून लहानपणी छडीच्या धाकाने घोकून घेण्यात आली होती. नऊ बत्तिसांश मात्र कोणत्याही पंतोजींच्या उजळणीत नव्हते. हिशेब करता तो पाना सातापेक्षा मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्श्याने मोठा निघाला, आणि तेवढी सवलत नटाचे कोपरे झिजविण्यास पुरेशी ठरली. शिवाय, क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत १९७०च्या सुमारापर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, ही वस्तुस्थिती त्यांना नेमकी त्याच घटकेस आठवली. आमचे चाक डावेच होते. त्यांनी तो नट मोठ्या आत्मविश्वासाने उलट दिशेस फिरविला आणि आणखी पाव फेरा घट्ट करून दिला.

अखेर नातवाने सातचा पाना पैदा केला, आणि सर्व बळ एकवटून जोर लावताच तो आनंदाने ओरडला, "आजोबा, फिरलं!" क्षणभराने त्याचा सूर उतरला. "पण ते पलीकडचं चाक आहे."

मी सरकारी कचेरीत उभी हयात घालविली असल्याने हा प्रकार मला तत्काळ उमगला. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची जी पेटी असते, तिच्यामुळे एका चाकास दिलेली चालना दुसऱ्याकडे उलट दिशेने रवाना होते. एका टेबलावर निकडीने दाखल केलेला अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' शेरा लागून शेजारच्या टेबलावर जावा, सगळे खाते हलल्यासारखे दिसावे, आणि मूळ प्रकरण तसूभरही पुढे सरकू नये, तसाच हा मामला. मग डावे चाक हातात घट्ट धरले. तेव्हा चाकाच्या प्लॅस्टिकमधील षट्कोनी खाच झिजून गेली, आणि चाक, आस व नट या तिघांचा एकमेकांशी असलेला कायदेशीर संबंधच संपुष्टात आला.

आता फवारा आणण्याचा ठराव झाला. सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ साली धातूवरचे पाणी हटविणारे द्रावण करावयास घेतले, ते चाळिसाव्या प्रयत्नास साधले, म्हणून त्याचे नाव डब्ल्यूडी-४०. फवारा मनसोक्त मारला. नट चकचकीत झाला, एवढेच. त्या समयी जावयांनी, इतका वेळ जे मौन पाळले होते ते सोडून, हलक्या आवाजात सांगितले, "बाबा, दिवाळीत मी त्याला थोडं लाल लावलं होतं."

हे लाल म्हणजे आटे चिकटविणारा द्रव. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी या जातीच्या द्रवाचा व्यवसाय उभारला तोही १९५३ सालीच. म्हणजे एका किनाऱ्यावर सोडविण्याची आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जखडण्याची तजवीज या राष्ट्राने एकाच वर्षी करून ठेवली होती. हवेचा संपर्क तुटला की हा द्रव धातूंच्या फटीत घट्ट होतो. त्यातील निळा साध्या हत्यारांनी सुटतो. लाल मात्र सुमारे अडीचशे अंश सेल्सिअस उष्णतेशिवाय कोणाचीही सुनावणी घेत नाही. नायलॉनचे कडे असताना तो लावणे म्हणजे कुलूप लावून दारापुढे भिंत बांधणे, असे मी म्हणणार होतो. पण जावई पडले, म्हणून गप्प राहिलो.

पुढचे काम कन्येने केले. विल्यम पीटरसन या नेब्रास्कातील लोहाराने काढलेली, एकदा आवळली की आपणहून न सुटणारी पक्कड तिने चाकाच्या मागून आसाला लावली, आणि डाग देण्याच्या तापलेल्या इस्त्रीचे टोक नटावर धरून ठेवले. नायलॉनचा उग्र वास सुटला, आट्यांच्या कडेने तांबूस भुगा वर आला, आणि पाना फिरविताच एक बारीक कुरकुर होऊन नट सुटला. शेजारच्या गृहस्थांनी त्याचे श्रेय फवाऱ्यास दिले.

ज्यांच्या घरी अशी मोटार असेल त्यांनी सातचा खरा पाना घ्यावा, हिवाळ्यानंतर नट एकदा सोडवून पुन्हा बसवावेत, आणि लाल बाटली जावयांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. तापविलेला नट परत वापरू नये. त्याचे कडे कामातून गेलेले असते, आणि नवे चार नट दोन-चार डॉलरांत मिळतात.