बायसनचे कमाविसदार

काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरपुढे बसून लेखी हुकूम सोडल्यावाचून संगणकाशी अन्य कोणताही व्यवहार करणे ज्यांना कमीपणाचे वाटते, अशा गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत वस्ती करून आहे. माउसला त्यांच्या मुलुखात मज्जाव असतो. आमच्या परिचयाचे यांपैकी एक गृहस्थ तर ‘बायसन’ नामक सॉफ्टवेअरचा बंदोबस्त अशा दक्षतेने ठेवतात, की पेशवाईत जन्मते तर एखाद्या परगण्याची कमाविशी त्यांना खचित मिळाली असती.

बायसन हे पार्सर घडवणारे यंत्र आहे. भाषेचे व्याकरण नियमांच्या रूपाने त्याच्या स्वाधीन करावे, आणि त्या व्याकरणाप्रमाणे वाक्याची फोड करणारा प्रोग्रॅम त्याने बिनतक्रार लिहून द्यावा, असा त्याचा शिरस्ता. याची कुळकथा कमाविसदारांना मुखोद्गत आहे: बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी रचलेला ‘याक’ हा मूळपुरुष, १९८५ साली रॉबर्ट कॉर्बेट यांनी बायसन लिहिले, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते याकच्या चालीरीतींशी जुळते करून घेतले. लग्नाच्या पंगतीतही शेजारच्या पाहुण्यास जिलबी येईतो ही वंशावळ ऐकावी लागते.

सकाळी चहापूर्वी ते एपीटी या सॉफ्टवेअर-भांडारपालाकडून बायसनच्या नव्या आवृत्तीची कैफियत मागवतात. ती आली म्हणून रुजू करून घेतीलच असे नव्हे. बहुधा ‘होल्ड’चा हुकूम लावून जुनीलाच मुदतवाढ मिळते. ‘याक’ या नावाने हाक आली असता ओ कोणी द्यावी, बायसनने की बर्कलीच्या बायॅकने, हा वतनाचा तंटा डेबियनवर ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’च्या दरबारी चालतो आणि त्याचा निवाडा ते स्वहस्ते करतात. कचेरीतल्या मॅकने मात्र त्यांना जेरीस आणले. तेथे २००६ सालची २.३ ही आवृत्ती गादीवर ठाण मांडून बसलेली. होमब्रू या मॅकवरच्या भांडारपालाने नवी आणली, तरी थोरलीचा अधिक्षेप नको म्हणून तिला ओसरीवरच बसवली. हुकूम कुठे शोधावा हे सांगणाऱ्या ‘पाथ’च्या यादीत धाकटीस अग्रस्थान दिल्याविना हुकूम थोरलीकडेच जाणार, हे उमगेपर्यंत ते आवृत्ती विचारीत राहिले आणि पडदा ‘२.३’ असे शांतपणे सांगत राहिला.

एवढ्या खटाटोपातून आपण कोणती भाषा फोडली, असे एकदा मी भीत भीत विचारले. पोस्टग्रेस या डेटाबेसला एसक्यूएल ही प्रश्नभाषा कळते ते बायसनने घडवलेल्या पार्सरमुळे, असे बाणेदार उत्तर मिळाले. ते खरेच आहे. परंतु पोस्टग्रेस यांचे नव्हे. यांच्या नावावर बेरीज-वजाबाकी करणारे एक गणकयंत्र आहे, आणि तेही बायसनच्या माहितीपुस्तकातल्या धड्यावरून उतरवलेले. मला यात वैगुण्य दिसत नाही. मुलुखात पीक काय येते याची चौकशी न करता दफ्तर निष्कलंक ठेवणारे अंमलदार आपल्याकडे सन्मानाने पेन्शनीत निघाले आहेत.

व्याकरणाचा अंमल घरी बसतो तेव्हा मात्र प्रसंग ओढवतो. एकदा वहिनींनी बजावले, “अहो, पाऊस नसला तर, वेळ मिळाला तर भाजी आणा, नाहीतर डबा मागवा.” सायंकाळी मुसळधार पाऊस लागला आणि गृहस्थ भाजीविना, डब्याविना स्वस्थ बसून राहिले. जाब विचारला असता त्यांनी खुलासा रुजू केला, की ‘नाहीतर’ हा नेहमी निकटच्या ‘तर’ला जडतो, तो ‘तर’ वेळेचा, आणि ती वेळेची बाब सगळीच पाऊस नसण्याच्या पोटात, सबब पाऊस पडल्यास काय करावे याविषयी हुकूमच नव्हता. ‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’ला जडावा या तंट्यास बायसनच्या दरबारी शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट म्हणतात. बायसन अशा वेळी ताकीद देऊन निकटच्याच बाजूने निकाल करते. तंट्यांची संख्या ‘एक्स्पेक्ट’ म्हणून आधी जाहीर केली असेल तर ताकीदही देत नाही. मात्र प्रत्यक्षात तंटा एकाने जरी कमी भरला, तरी ती चूक ठरते.

वहिनींनी एवढेच विचारले, की ही संख्या रोजची जाहीर करायची की महिन्याची.