नोंद आढळून येत नाही

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार बाळाच्या जन्माची खबर 21 दिवसांत दिली, तर दाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मूल रांगू लागते तशी फाइलही वरच्या कार्यालयांकडे रांगू लागते.

महाराष्ट्रातल्या खेड्यात दाखला ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, देतात. ते भेटले तर. एरवी ते शेजारच्या गावी किंवा पंचायत समितीच्या मीटिंगला असतात. जुन्या नोंदी तहसिलीतल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये. त्यांतल्या बऱ्याच मोडीत. पान सापडलेच, तर त्यावर बापाचे नाव आणि पुढे नुसतेच ‘मुलगा’. हा मुलगा तोच, हे साठीच्या अर्जदाराने सिद्ध करायचे.

पान वाळवीने खाल्ले असेल, तर नमुना 10 मध्ये अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते. जन्माची नोंद नाही, याची रीतसर नोंद. त्यावर सही-शिक्का अगदी ठसठशीत असतो. मग पुरावा म्हणून शाळेचा दाखला जोडायचा. तिथे प्रवेशाच्या वयात बसावे म्हणून गुरुजींनी गावातली निम्मी पोरे 1 जूनला जन्माला घातलेली असतात.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा. गुरुजींचा अधिकार संपला. आता नावातली वेलांटी रुग्णालयाच्या संगणकावर ठरते.