दहाव्याच्या घाटावरील माननीय वक्त्यांस

माननीय साहेब,


परवा आमच्या चुलत्यांच्या दहाव्याला भाटघर धरणाच्या पाण्याकाठी येऊन आपण जे उपकार केलेत, ते कावळ्यासकट सर्वांच्या लक्षात राहतील. मुलांनी केस उतरवले होते, पिंड मांडून झाले होते, प्रवचनकार महाराज समारोपाला आले होते, तेवढ्यात चिठ्ठी आली : ‘साहेब पाच मिनिटांत पोहोचतायत.’ महाराजांनी बिचाऱ्या नचिकेताला पुन्हा यमाच्या दारात नेऊन बसवलं. मग केव्हातरी गाड्या आल्या. आपण तालुक्याच्या वतीने, सोसायटीच्या वतीने, दूध डेअरीच्या वतीने श्रद्धांजली वाहिलीत. मधे कावळा खाली उतरला होता. कर्ण्यातून ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ ऐकली आणि उडाला.

लग्नातल्या आपल्या शुभाशीर्वादांबद्दल तक्रार नाही. तिथे फक्त मुहूर्त जातो.

चुलत्यांच्या आजोबांचं रान याच पाण्याखाली आहे. १९२८ साली धरण पुरं झालं आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, पण गेलेलं रान काही परत मिळत नाही. यावर एक शब्द बोलला असतात, तर कावळाही थांबला असता. आपण बोललात येत्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीवर. या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी उतरलं की ते आपले आपण मिटतात. आपलं तसं नाही.

खरं तर आपली दयाही येते. सकाळपासून हा घाट, तो घाट, पोटात नुसता चहा. एक दहावा चुकला, तर ती भावकी मतदानाच्या दिवसापर्यंत विसरत नाही. आणि आपल्या हातात माईक कोंबणारा आमच्यातलाच असतो.

पण साहेब, चुलती सकाळपासून उन्हात बसली होती. पोटात अन्नाचा कण नाही, डोळे पिंडाकडे. आणि तुम्ही तिच्यासमोर युतीची गणितं मांडता? लाज नाही वाटत?

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

वर्षश्राद्धाला जरूर या. माईक लावायचा नाही, असं चुलतीने मंडपवाल्याला आत्ताच बजावून ठेवलंय.

आपला,
मयताचा पुतण्या