खिळा आणि भिंत

पवईतल्या सुमारे २३० एकरांचा त्रिपक्षीय करार १९८६ सालचा. राज्य शासन, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि विकासक असे तिघे. भाडेपट्टा ८० वर्षांचा, दर हेक्टरी १ रुपया. एवढ्यात आज तिथे गाडीही उभी करता येत नाही. बदल्यात घरं ४० आणि ८० चौरस मीटरची बांधायची, सामान्यांना परवडतील अशी. अट ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’च्या चोख बंदोबस्तात बसवलेली. पण ती बोलली घराच्या आकाराबद्दल. शेजारशेजारच्या दोन घरांनी एकमेकांत मिसळू नये, याची जरब काही तिला बसवता आली नाही! नकाशावर घरं लहान राहिली, प्रत्यक्षात मधली भिंत गेली आणि दिवाणखाने ऐसपैस झाले. २०१२ साली उच्च न्यायालयाने बजावलं: आधी लहान घरं, मग पुढचं बांधकाम.

आता याच पवईतला ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार उघडा. भाडेकरूने लेखी परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठोकल्यास रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातील. या कलमात मात्र पळवाट शोधून दाखवा.